हेडस्पेस कम्पॅरेटर: .308 च्या पितळी केसेसवर काही महिने वापरल्यानंतर

मी टेक्सासमध्ये राहतो आणि .308 विंचेस्टरच्या बोल्ट ॲक्शन रायफलची काडतुसं घरीच रीलोड करतो, म्हणजे वापरलेल्या पितळी केसेस (काडतुसाची नळकांडी) पुन्हा भरतो. इथे ते कायद्यात बसतं. भारतात परवान्याशिवाय काडतुसं बनवणं हा शस्त्र कायद्याखाली गुन्हा आहे, त्यामुळे तिकडच्या मंडळींनी हे फक्त माहिती म्हणून वाचावं.

कम्पॅरेटर, म्हणजे केसच्या बुडापासून शोल्डरपर्यंतचं (वरच्या अरुंद नेकखालच्या उतारापर्यंतचं) अंतर मोजायचं साधन, घेतला तो एका चकचकीत कड्यापायी. काही वेळा रीलोड झालेल्या केसेसवर बुडापासून जरा वर, चहूबाजूंनी एक उजळ रेघ दिसायला लागली. अशी केस तपासायला पेपरक्लिप सरळ करायची, टोक आखूड वाकवायचं, आत घालून भिंतीवरून वर ओढायचं. रेघेपाशी टोक अडलं की आतून खाच पडलीय असं समजायचं. अशी केस पुढच्या बारात तिथेच तुटू शकते आणि गरम वायू बोल्टच्या दिशेने मागे येतो. ती पुन्हा भरायची नाही, पक्कडीने चेपून भंगारात.

कारण बहुतेक वेळा पितळाचं नसतं, डायच्या (केस दाबून पुन्हा मापात आणणाऱ्या साच्याच्या) सेटिंगचं असतं. बार झाला की केस चेंबरभर (रायफलमध्ये काडतूस बसतं त्या पोकळीभर) फुगते. फुल लेंग्थ डाय (पूर्ण केस दाबणारी) शोल्डर पुन्हा मागे ढकलते. डाय शेल होल्डरला (केसचं बूड धरणाऱ्या भागाला) टेकवून त्यानंतर आणखी थोडी खाली फिरवा, असं सर्रास सांगितलं जातं. त्याने काडतूस कुठल्याही चेंबरमध्ये बसतं खरं, पण शोल्डर गरजेपेक्षा जास्त मागे गेला तर दर बाराला पितळ ताणलं जातं, आणि ताण येतो नेमका बुडाजवळ, जाड भाग संपून भिंत पातळ होते तिथे.

कम्पॅरेटर कॅलिपरच्या जबड्यावर स्क्रूने बसतो. .308 साठी 0.400 इंचाचं बुशिंग (शोल्डरवर टेकणारं भोकाचं कडं) लागतं. येणारा आकडा हेडस्पेसचा (चेंबरमध्ये बोल्टपासून शोल्डर टेकते तिथपर्यंतच्या अंतराचा) खरा आकडा नव्हे, तो फक्त आपल्याच दोन केसेसमधला फरक कळण्यापुरता. आधी बार झालेल्या केसेस मोजायच्या, मग डाय थोडी थोडी खाली घेत शोल्डर 0.001 ते 0.002 इंच मागे येईल इतपतच ठेवायची. सेमी-ऑटोला (पुढचं काडतूस आपोआप भरणाऱ्या रायफलला) 0.003 ते 0.004 लागतं. मोजण्याआधी जुना प्रायमर (बुडातली दारू पेटवणारी टोपी) काढून टाका; तो किंचित बाहेर आलेला असला तर आकडा खोटा येतो. तेव्हापासून त्याच लॉटच्या नव्या केसेसवर ते कडं दिसलेलं नाही.

तक्रार एकच. स्क्रू नीट आवळला तरी कधी कधी सरकतो, आणि हात जड पडला की आकडा हजारांश इंचाने हलतो. दर वेळी शून्य तपासावं लागतं.

बाकीच्या दुखण्यांवर याचा उपयोग नाही. शोल्डरवर खळगा म्हणजे ल्यूब (डायमध्ये घालण्याआधी केसला लावायचं वंगण) जास्त, केस डायमध्ये अडकली म्हणजे कमी. केसची लांबी 2.015 इंचापुढे गेली की कापून 2.005 ला आणायची. प्रायमर सैल बसत असेल तर केस बाद, आणि आपण दाब जास्त तर देत नाही ना, हे आधी बघा. नेक चिरते ती पितळ कडक झाल्यामुळे. त्यावर इलाज ॲनीलिंग (तापवून पितळ मऊ करणं), पण उष्णता नेक आणि शोल्डरपुरतीच. बूड मऊ पडलं तर ती केस जीवावर बेतेल.

चिरण्याचं आणखी एक कारण अमोनिया. ब्रिटिश फौजेची भारतातली काडतुसं पावसाळ्यात घोड्यांच्या तबेल्यांजवळ ठेवल्याने तडकत. त्याचं नीट स्पष्टीकरण 1921 मध्ये मिळालं. म्हणून अमोनिया असलेलं पॉलिश केसेसना नको. सायट्रिक ॲसिड चालतं, पण केसेस त्यात विसरलात तर जस्त निघून जातं आणि पितळ गुलाबी पडतं.

सैन्याच्या वापरलेल्या 7.62 नाटो केसेस (बाहेरून .308 सारख्याच) स्वस्त मिळतात. त्यातल्या काही मशीनगनमधल्या, म्हणजे आधीच बऱ्यापैकी ताणलेल्या असतात. थोड्याच मागवा, कम्पॅरेटर लावा, पेपरक्लिप फिरवा, आणि मगच मोठी पिशवी घ्यायची की नाही ते ठरवा.