डबा घेऊ की डाउनलोड करू? आधी कुलूप बघा

भाच्याचा फोन आला तेव्हा तो सोलापूरच्या नवी पेठेत एका दुकानासमोर उभा होता. "मामा, गेमचा डबा मिळतोय इथं, सीलबंद. स्टीमपेक्षा दोनशे रुपयांनी स्वस्त आहे. घेऊन टाकू का?" स्टीम म्हणजे पीसीचे गेम डाउनलोड करायला देणारं ऑनलाइन दुकान. म्हटलं, थांब, आधी डब्याची पाठ दाखव. फोटो आला. खाली कोपऱ्यात मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलेलं: इंटरनेट आणि स्टीम अकाउंट आवश्यक. म्हणजे डबा घेतला काय नि घरी बसून डाउनलोड केला काय, गेम जाऊन बसणार त्याच अकाउंटात.

प्लेस्टेशनवाल्यांना हा घोळ लवकर कळत नाही. त्यांची डिस्क खेळून झाली की मित्राला देता येते, विकता येते. पीसीवर मात्र २००४ साली 'हाफ-लाइफ २' डिस्कवर आला तोच स्टीमवर ॲक्टिव्हेट करायला लावत. त्यानंतर डिस्क हळूहळू नुसती हमालीला उरली. 'जीटीए ५' २०१५ मध्ये ७ डीव्हीडींवर आला. एकेक डीव्हीडी बदलत बसायचं आणि शेवटी कोड टाकून नेटवरून ॲक्टिव्हेट करायचंच. त्याच वर्षीच्या 'मेटल गिअर सॉलिड ५'ने कहर केला. पीसीच्या डब्यातल्या डिस्कवर गेमच नव्हता, फक्त स्टीमचा इन्स्टॉलर होता. कडक भाकरीचा पुडा फोडावा आणि आत दुकानाचा पत्ता निघावा, तशातली गत.

मग जुने डबे तरी आपले का? माझ्या कपाटात आठ-दहा आहेत. एकाच्या पुस्तिकेवर चहाच्या कपाचा गोल उमटलाय, सीडी-कीचं, म्हणजे इन्स्टॉल करताना टाकायच्या कोडचं, शेवटचं अक्षर बी आहे की आठ, हे भिंग लावूनही ठरत नाही. पण खरी अडचण ती नाही. त्या काळी डिस्कची नक्कल रोखायला सेफडिस्क नावाचं कुलूप असायचं. डिस्कवर मुद्दाम काही खराब जागा ठेवलेल्या असत. साध्या रायटरने कॉपी मारली की त्या जागा नीट उतरत नसत, आणि विंडोजमधला एक छोटा ड्रायव्हर त्यावरून अस्सल-नक्कल ओळखायचा. तो ड्रायव्हर सुरक्षेला धोका म्हणून मायक्रोसॉफ्टने विंडोज १० मध्ये दिलाच नाही, आणि सप्टेंबर २०१५ च्या अपडेटने विंडोज ७ आणि ८ मध्येही बंद करून टाकला. माझी अस्सल डिस्क, एक ओरखडा नाही. ड्राइव्ह घरघरली, पडदा एकदा लुकलुकला, पुढे काही नाही. पैसे मोजणारा मी बाहेर, आणि क्रॅक, म्हणजे कुलूप तोडणारी फाइल, टाकून खेळणारा शेजारी आत.

सेक्युरॉम नावाच्या दुसऱ्या कुलपाचंही तेच दुखणं, वर मोजून परवानगी. २००८ चा 'स्पोर' सुरुवातीला फक्त ३ ॲक्टिव्हेशन देत होता. लोकांनी बोंब मारल्यावर ५ झाली. डबा तुमच्या घरात, पण किती वेळा इन्स्टॉल करायचा हे कंपनी ठरवणार.

सेकंडहँड डब्यात तर मी स्वतः फसलोय. स्वस्तात मिळाला म्हणून खुशीत घरी आणला, कोड टाकला तर "आधीच वापरलेला". विकणारा म्हणाला, डिस्क चालू आहे की. चालू होतीच बिचारी. कोड लागणारा पीसी गेम सील फुटलेला असेल तर कितीही स्वस्त असो, हात लावू नका.

आता डाउनलोडची बाजू. इथं कुलूप डब्यावर नसून अकाउंटवर असतं. स्टीम आता विकत घेतानाच सांगतं की तुम्हाला मिळतो तो परवाना, मालकी नाही. हे सांगायला लावणारा अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियाचा कायदा १ जानेवारी २०२५ पासून लागू झालाय. विकता येत नाही, अकाउंट दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही. पण १४ दिवसांच्या आत आणि २ तासांपेक्षा कमी खेळला असाल तर पैसे परत मागता येतात. ही सोय पेठेतल्या कुठल्या दुकानात मिळेल, सांगा. एकाच घरातल्या सहा जणांपर्यंत लायब्ररी वाटूनही घेता येते.

भीती आहे ती सर्व्हरवर टांगलेल्या गेमची. युबीसॉफ्ट कंपनीने 'द क्रू' हा गेम २०२४ च्या मार्चअखेर बंद केला. एकट्याने खेळायचा भागही सर्व्हरविना चालत नसल्याने डबा घेतलेले आणि डाउनलोडवाले एकाच रांगेत आले. डेनुवो या नेटवरून परवानगी तपासणाऱ्या कुलपाचंही असंच, ते डिस्क आणि डाउनलोड असा भेद करत नाही. म्हणून ऑनलाइन दुकानाच्या पानावर डेनुवोचा उल्लेख आहे का, ते बघून घ्यावं. काही कंपन्या वर्षभरात ते काढूनही टाकतात, तेवढा धीर असेल तर थांबा.

माझा कल तिसरीकडे आहे. पोलंडच्या सीडी प्रोजेक्ट कंपनीने २००८ मध्ये जीओजी हे ऑनलाइन गेमचं दुकान सुरू केलं. तिथं इन्स्टॉलरची फाइलच उतरवून घेता येते, कुलूप नाही. एकदा बाहेरच्या हार्डडिस्कवर टाकली की नेट नको, लॉगिन नको. माझ्या कपाटातल्या डब्यांपैकी दोन गेम मी तिथं परत विकत घेतले. चीड आली, पण त्या संध्याकाळी ते चालले. सगळे नवे मोठे गेम तिथं येत नाहीत, हे मात्र खरं.

राहिला नेटचा प्रश्न. घरी ४० एमबीपीएसचं फायबर असेल तर १०० जीबीचा गेम साडेपाच-सहा तासांत उतरतो, रात्री लावून झोपायचं. मोबाइलच्या रोजच्या २ जीबीवर तोच गेम ५० दिवस घेईल. अशा वेळी सात रस्त्याला मित्राकडे हार्डडिस्क घेऊन जाणं बरं: स्टीमचा बॅकअप करून आणला तर अकाउंटवर गेम तुमचा असला की घरी थोडंच उतरवावं लागतं. डिस्कने इथं वेळ वाचेल असं वाटतं, पण आधी ड्राइव्ह लागेल. नव्या कॅबिनेटमध्ये बहुधा ती बसवायला जागाच नसते, आणि डिस्कवरचा गेम जुना असल्याने वरून अपडेट उतरवावे लागतात ते वेगळेच. शिवाय सोलापूरचा उन्हाळा. एप्रिलमध्ये स्कूटरच्या डिकीत डिस्क विसरून बघा.

भाच्याला म्हटलं, दुकानदाराला विचार, सील फोडून कोड चालतो का ते बघू देशील का? पलीकडून आवाज ऐकू आला, "सील फुटलं की माल तुमचा." भाच्याने डबा परत ठेवला, गेम विशलिस्टला टाकला आणि आता रोज सकाळी सेल लागला का ते बघतोय.