जुनं बँजो म्युझिक ग्रुपवर टाकायचं: स्कॅन, टॅब की सरगम?

गणपती जवळ आले की जुन्या बँजोच्या चाली ग्रुपवर कशा टाकायच्या हे कोणीतरी विचारतंच, म्हणून आधीच लिहून ठेवतो. वाडीत आम्ही वाजवणारे पाच जण, त्यातले तीन चाकरमानी, त्यामुळे प्रॅक्टिस मोबाईलवरच. पहिलं बघा समोरच्याच्या हातात काय आहे, बटणांचा आपला बेंजो (जपानी ताइशोगोतोचा वंशज, तो १९१२ चा) की पाच तारांचा अमेरिकन बँजो, कारण दोघांना एकच कागद पाठवलात तर एक जण नक्की शिव्या घालणार.

नुसता स्कॅन पाठवणं सगळ्यात सोपं. ब्रिग्ज नावाच्या बँजोवाल्याचं १८५५ चं बँजो शिकायचं पुस्तक घ्या, कॉपीराइटची भानगड नाही (कोणी आत्ता नव्याने बसवलेली अरेंजमेंट असेल तर मात्र त्याला विचारा). गोची पट्टीची आहे. ब्रिग्ज तारा लावतो डी जी डी एफ शार्प ए, म्हणजे जी मध्ये, नंतरची अमेरिकन पुस्तकं लिहितात ए मध्ये आणि वाजतं सी मध्ये. तारांमधलं अंतर सगळीकडे तेच म्हणून बोटं तीच राहतात, पण स्टाफ (पाच रेघांवरचं इंग्रजी नोटेशन) बघून दुसऱ्या वाद्यावर वाजवणारा पार गंडतो.

पाच तारवाल्याला टॅबच द्या, म्हणजे कुठल्या तारेवर कुठे बोट ठेवायचं ते आकड्यांत. म्युझस्कोर हे नोटेशन लिहायचं सॉफ्टवेअर फुकट आहे, एकाच फाइलमध्ये वर स्टाफ खाली टॅब येतो, पट्टी बदलता येते, स्पीड कमी करून ऐकता येतं, नाहीतर सरळ पीडीएफ आणि ऑडिओ काढून पाठवायचा. टाइप करायला वेळ जातो हे खरं, एका पानाला माझी अख्खी संध्याकाळ जाते आणि मध्ये लाइट गेली की विचारूच नका.

बटणवाल्यांना टॅबचा उपयोग शून्य, त्यांना सरगम. सरगमची मजा अशी की वरचा ए-सी-जीचा घोळच संपतो, सा कुठेही धरा. पण इथे खरं काम पाचव्या तारेचं आहे, अंगठ्याने ती मोकळी वाजत राहते, सी ट्यूनिंगला म्हणजे वरचा प, आणि तो जसाच्या तसा लिहिलात तर आपल्या बेंजोवर चाल दिसतच नाही, नुसती प प प टकटक. म्हणून चालीचा प कुठला आणि अंगठ्याचा कुठला हे कानानेच ठरवायचं, अंगठ्याचे बहुतेक काढून टाकायचे, बाजूला सुराची तार असेल तर ती ते काम करते.

सरगम हाताने लिहून फोटो टाका. व्हॉट्सॅपवर टाइप केलीत तर कोमलाची खालची रेघ येत नाही, अंडरस्कोर टाकला तर अक्षर तिरपं होतं आणि रे कोमल की शुद्ध यावर दोन दिवस वाद.

एक गोष्ट राहिली. बँजो मुळात अमेरिकेत आफ्रिकेतून नेलेल्या गुलामांचा, आणि त्या काळच्या पुस्तकांतली बरीच गाणी गोऱ्यांनी तोंडाला काळा रंग लावून त्यांचीच टिंगल करायच्या खेळांतली आहेत, काही नावं वाचवत नाहीत. मी नाव बदलत नाही, खाली ती माहिती एका ओळीत लिहितो.

तर मी दोन्ही करतो, पाच तारवाला एकच आहे त्याला म्युझस्कोरची फाइल, बाकीच्यांना सरगमचा फोटो, आणि शंका आली तर बघायला मूळ स्कॅन ग्रुपवर. फक्त कागदावर सा ची पट्टी आठवणीने लिहा, गेल्या साली मी विसरलो आणि आरतीच्या अर्धा तास आधी दोघं काळी एकमध्ये, दोघं पांढरी चारमध्ये.