कार्डिनल पेल खटल्याचे कागद घरबसल्या वाचताना : दोन मोफत संकेतस्थळांविषयी अभिप्राय

ऑस्ट्रेलियाच्या हाय कोर्टाचे संकेतस्थळ आणि संस्थांमधील बालकांच्या लैंगिक शोषणाची चौकशी करणाऱ्या तिथल्या रॉयल कमिशनचे संकेतस्थळ, ही दोन्ही मी गेले काही महिने वसईत बसून, बहुतेक वेळा मोबाइलवर आणि कधी मुलाच्या लॅपटॉपवर, वापरतो आहे. दोन्ही मोफत आहेत, नावनोंदणी मागत नाहीत आणि जाहिराती दाखवत नाहीत. तरीही आमच्या भागात ही संकेतस्थळे उघडून पाहिलेला माणूस मला अजून भेटलेला नाही, म्हणून हा अभिप्राय जरा सविस्तर लिहितो.

रविवारची मिस्सा सुटल्यावर चर्चच्या आवारात कार्डिनल जॉर्ज पेल यांचा, म्हणजे दोन मुलांवर लैंगिक अत्याचार केल्याच्या आरोपावरून ज्यांच्यावर खटला चालला त्या ऑस्ट्रेलियाच्या वरिष्ठ कॅथलिक धर्मगुरूंचा, विषय निघाला की दोनच मते ऐकू येतात. एक मत असे, की चर्चवर चिखल उडवायची सध्या रीतच पडली आहे आणि अखेर ते निर्दोष सुटलेच ना. दुसरे मत असे, की एवढ्या मोठ्या माणसाला कोण आत ठेवणार, तो सुटणारच होता. दोन्हीकडे आवाज चढतो, पण कागद कोणाच्याच हातात नसतो. मी पहिल्या गटातला होतो, हे आधीच सांगून टाकतो. आमच्या घरात फादरांविषयी वावगा शब्द काढायची पद्धत नव्हती, आणि त्या वळणाचा परिणाम वाचताना माझ्यावर होत होता हे मला जाणवत होते.

ज्यांना घटनाक्रम आठवत नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. २९ जून २०१७ रोजी व्हिक्टोरिया राज्याच्या पोलिसांनी पेल यांच्यावर आरोप ठेवले, तेव्हा ते व्हॅटिकनचा आर्थिक कारभार पाहत होते. पहिल्या ज्युरीचे, म्हणजे सामान्य नागरिकांमधून निवडलेल्या पंचमंडळाचे, एकमत झाले नाही. दुसऱ्या ज्युरीने ११ डिसेंबर २०१८ रोजी त्यांना दोषी ठरवले. १३ मार्च २०१९ रोजी सहा वर्षांची शिक्षा झाली. त्याच वर्षी २१ ऑगस्टला राज्याच्या अपील न्यायालयाने दोन विरुद्ध एक अशा मतांनी ती कायम केली आणि ७ एप्रिल २०२० रोजी हाय कोर्टाच्या सातही न्यायमूर्तींनी एकमताने ती रद्द केली. तोपर्यंत पेल यांनी तेरा महिन्यांहून अधिक काळ तुरुंगात काढला होता. १० जानेवारी २०२३ रोजी रोममध्ये त्यांचे निधन झाले.

आता हाय कोर्टाच्या संकेतस्थळाविषयी. सर्वांत आधी एक गैरसमज दूर करायला हवा, कारण त्याने आमच्याकडे बराच घोळ घातला. ऑस्ट्रेलियात हाय कोर्ट हेच सर्वांत वरचे न्यायालय आहे. आपण मुंबईच्या उच्च न्यायालयाची सवय असलेले लोक, त्यामुळे निकालानंतर ‘अजून सुप्रीम कोर्ट बाकी आहे’ असे संदेश कित्येक दिवस फिरत होते, आणि त्यांतला एक मीही पुढे पाठवला होता.

निकालपत्र १२९ परिच्छेदांचे आहे. प्रत्येक परिच्छेदाला क्रमांक असल्यामुळे दुसऱ्याला ‘अमुक क्रमांक वाच’ असे सांगता येते, ही मोठी सोय आहे. सोबत दोनेक पानांचा सारांश दिला आहे आणि दोन्ही बाजूंनी न्यायालयात दाखल केलेली लेखी म्हणणीही खटल्याच्या क्रमांकाखाली मिळतात. सारांशाची भाषा इतकी सरळ आहे, की बारावीपर्यंत इंग्रजी शिकलेल्या माणसाला शब्दकोश घेऊन ती समजावी. मूळ निकालपत्र मात्र सावकाश वाचावे लागते. दोन्ही मुलांचा उल्लेख फक्त ‘ए’ आणि ‘बी’ असा आहे. आपल्या पॉक्सो कायद्याच्या कलम २३ नेही पीडित बालकाची ओळख उघड करण्यास मनाई केली आहे, पण ती मनाई कागदावर पाळलेली पाहिली की तिचा अर्थ नीट कळतो, कारण वाचणाऱ्याचे कुतूहल माणसावरून हटून पुराव्याकडे वळते.

निकालपत्रातला सर्वांत वाचनीय भाग मेलबर्नच्या सेंट पॅट्रिक कॅथेड्रलमधल्या काही मिनिटांविषयी आहे. १९९६ च्या उत्तरार्धात, पेल तिथे आर्चबिशप म्हणून नुकतेच आले असताना, रविवारच्या मोठ्या मिस्सेनंतर सॅक्रिस्तीत, म्हणजे धर्मगुरू मिस्सेचा पेहराव करतात त्या खोलीत, गायकवृंदातल्या तेरा वर्षांच्या दोन मुलांवर अत्याचार झाला, असा मुख्य आरोप होता. मिस्सा संपल्यावर आर्चबिशप पायऱ्यांवर उभे राहून भाविकांना भेटत असत का, पूर्ण पेहरावात ते कधी एकटे असत का, वेदीसेवक आणि सॅक्रिस्तीतले सेवक सामान हलवायला नेमके कधी लागत, अशा प्रश्नांवर पाने खर्ची पडली आहेत. ज्याने लहानपणी वेदीसेवक म्हणून मेणबत्त्या आणि धुपाटणे उचलले आहे, त्याला ही पाने वाचताना आपली सॅक्रिस्ती डोळ्यांसमोर उभी राहील. माझ्या तर उभी राहिलीच, आणि तिथे मिस्सेनंतर किती गर्दी असते हेही आठवले. अर्थात माझी आठवण हा पुरावा नव्हे.

न्यायालयाने काय म्हटले आणि काय म्हटले नाही, हे आमच्याकडच्या दोन्ही गटांनी मुळातून वाचावे. तक्रारदार, म्हणजे त्या दोन मुलांपैकी एक, खोटे बोलला, असे न्यायालयाने म्हटलेले नाही. ज्युरीने त्याला विश्वासार्ह मानले हे गृहीत धरूनही, इतर साक्षीदारांचा पुरावा पाहता ज्युरीला वाजवी शंका यायला हवी होती आणि निरपराध माणूस दोषी ठरला असण्याची लक्षणीय शक्यता उरते, असा तो निष्कर्ष आहे. कायद्याने अशा वेळी मुक्तता करावीच लागते. ‘पैसा बोलला’ म्हणणाऱ्यांना या तर्काला उत्तर द्यावे लागेल, आणि ‘पोरगा खोटारडा निघाला’ म्हणणाऱ्यांना तर निकालपत्रात आधारच सापडणार नाही. तक्रारदाराने स्वतः दुसऱ्या दिवशी, आपण निकालाचा आदर करतो आणि तो स्वीकारतो, असे जाहीर केले. त्याच सुमारास मेलबर्नच्या त्या कॅथेड्रलच्या भिंतींवर शिव्याशाप रंगवले गेले होते.

लोकांच्या प्रतिक्रियेबद्दल खुद्द न्यायाधीश काय म्हणाले, ते ऐकायचे असेल तर शिक्षा सुनावतानाचे भाषण पाहावे. न्यायाधीश पीटर किड यांनी ते तासाभराहून अधिक वेळ वाचले आणि त्याचे थेट प्रक्षेपण झाले. न्यायालयाबाहेर काही लोकांनी जो झुंडीचा प्रकार केला त्याचा त्यांनी निषेध केला आणि चर्चच्या साऱ्या अपयशाचे खापर या एका माणसाच्या डोक्यावर फोडण्यासाठी आपण बसलेलो नाही, हेही स्पष्ट केले. त्याच भाषणात, ज्युरीचा निर्णय मान्य करून, त्यांनी गुन्ह्याचे गांभीर्यही कठोर शब्दांत मांडले. शिक्षा पुढे रद्द झाली असली तरी ते भाषण ऐकण्यासारखे आहे.

एक गंमत नोंदवून ठेवतो. डिसेंबर २०१८ मध्ये दोषी ठरवल्याची बातमी छापायला ऑस्ट्रेलियात न्यायालयाची बंदी होती, ती २६ फेब्रुवारी २०१९ ला उठली. मधल्या काळात परदेशी वृत्तपत्रांनी ती छापली होती. म्हणजे वसईत मोबाइल उघडणाऱ्याला जे उघडउघड कळत होते, ते मेलबर्नच्या माणसाला आपल्या वृत्तपत्रात वाचता येत नव्हते.

रॉयल कमिशनचे संकेतस्थळ मला अधिक मोलाचे वाटले आणि वापरायला अधिक अवघडही. कमिशन २०१३ मध्ये नेमले गेले आणि त्याने १५ डिसेंबर २०१७ रोजी १७ खंडांचा अंतिम अहवाल दिला. आठ हजारांहून अधिक लोकांनी कमिशनसमोर खासगीत आपली हकिगत सांगितली. धार्मिक संस्थांमधल्या शोषणाविषयी बोलणाऱ्यांपैकी ६१.८ टक्क्यांनी कॅथलिक संस्थांची नावे घेतली. या हकिगतींपैकी जवळजवळ चार हजार, नावे बदलून, संकेतस्थळावर दिल्या आहेत. एकेक हकिगत दोन-तीन पानांची आहे. मी एका बैठकीत तीनपेक्षा अधिक वाचू शकलो नाही, आणि घरात मुले असताना तर वाचूच नये असे माझे मत आहे.

पेल यांच्याविषयीचा भाग व्हिक्टोरिया राज्यातल्या बॅलरॅट आणि मेलबर्न इथल्या चौकशांच्या अहवालांत आहे. खटला चालू असल्यामुळे २०१७ मध्ये ती पाने काळी करून प्रसिद्ध झाली होती आणि मुक्ततेनंतर एका महिन्याने, ७ मे २०२० रोजी, ती पूर्ण रूपात आली. बॅलरॅटमध्ये तरुण धर्मगुरू असताना, १९७३ पर्यंतच, काही धर्मगुरू मुलांचे शोषण करतात याची जाणीव पेल यांना होती, असा निष्कर्ष कमिशनने काढला. जेराल्ड रिड्सडेल या पुढे अनेकदा शिक्षा झालेल्या धर्मगुरूला या धर्मग्रामातून (पॅरिशमधून) त्या धर्मग्रामात हलवले जात होते. बिशपांच्या सल्लागार धर्मगुरूंच्या १९८२ च्या बैठकीत रिड्सडेलच्या बदलीचे खरे कारण आपल्याला सांगितले गेले नव्हते, हे पेल यांचे म्हणणे कमिशनने मानले नाही. हे निष्कर्ष पुराव्याला धरून नाहीत, असे पेल यांचे उत्तर होते. १९९३ मध्ये याच रिड्सडेलसोबत पेल न्यायालयात चालत गेले होते. लोकांचा राग २०१७ च्या आरोपांपासून सुरू झाला असे समजणाऱ्यांनी त्या प्रसंगापासून वाचायला घ्यावे. माझ्या पिढीच्या कॅथलिकांना ही पाने निकालपत्राहून जड जातील, कारण इथे प्रश्न एका रविवारच्या काही मिनिटांचा नाही. माहीत असून गप्प बसण्याचा आहे, आणि गप्प बसायला आपल्याकडे सभ्यपणा म्हणतात.

मुक्तता करणारा कागद आणि ठपका ठेवणारा कागद यांत विसंगती नाही. दोन वेगळ्या गोष्टींची ती दोन वेगळी उत्तरे आहेत. आमच्या आवारातला प्रत्येक गट मात्र आपल्याला सोयीचा कागद ऐकीव स्वरूपात बाळगतो. जालंधरचे तेव्हाचे बिशप फ्रँको मुलक्कल यांच्यावर एका ननने केलेल्या बलात्काराच्या आरोपाच्या प्रकरणात तेच झाले. सप्टेंबर २०१८ मध्ये कोचीत नन्स रस्त्यावर बसल्या तेव्हाही, आणि १४ जानेवारी २०२२ ला कोट्टायमच्या सत्र न्यायालयाने बिशपांना निर्दोष ठरवले तेव्हाही, आमच्याकडे निकाल वाचण्याआधीच मते तयार होती.

दोष सांगायचे तर, दोन्हीकडे मराठी अर्थातच नाही. कमिशनच्या खंडांच्या फायली फार मोठ्या आहेत आणि आमच्याकडे वीज गेली की उतरवायला घेतलेली फाइल पुन्हा पहिल्यापासून घ्यावी लागते. शोधसुविधा चौकशीचा विषय नेमका ठाऊक असेल तरच उपयोगी पडते. मदतीसाठी दिलेले दूरध्वनी क्रमांक ऑस्ट्रेलियातले आहेत, त्यांचा इथे उपयोग नाही. आपल्याकडे बालकांसाठी १०९८ हा क्रमांक आहे आणि पॉक्सोच्या कलम १९ नुसार अशा गुन्ह्याची माहिती असणाऱ्याने ती पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे, मग तो माणूस साधा असो की झगा घातलेला.

हाय कोर्टाच्या संकेतस्थळाला मी पाचपैकी साडेचार तारे देईन आणि कमिशनच्या संकेतस्थळाला चार. सुरुवात निकालाच्या सारांशापासून करावी, मग परिच्छेद क्रमांकांनिशी निकालपत्र घ्यावे आणि त्यानंतर बॅलरॅटचा अहवाल. हा अहवाल उतरवून घेताना तारीख जरूर पाहावी, कारण पाने काळी केलेली २०१७ ची प्रत अजूनही अनेक ठिकाणी फिरते आहे. मी पहिल्यांदा तीच छापून आणली आणि झेरॉक्सवाल्याला शाई सांडल्याचा दोष देऊन बसलो.