सतत वाहणारी फ्लशची टाकी : सुटे भाग बदलल्यानंतरचा काही महिन्यांचा अनुभव

कमोडमागच्या टाकीतून पाणी वाहतच राहण्याच्या तक्रारीवर उपाय म्हणून मी दोन भाग बदलले. टाकीत पाणी भरणाऱ्या जुन्या, लांब दांडीच्या बॉलकॉकच्या जागी उभ्या नळीवर वरखाली सरकणाऱ्या फ्लोटचा इनलेट व्हॉल्व्ह बसवला आणि तळाशी पाणी अडवून धरणाऱ्या रबरी वॉशरच्या जागी सिलिकॉनचा वॉशर घातला. अर्ध्या वर्षाहून अधिक काळ हे दोन्ही भाग रोजच्या वापरात आहेत. बसवल्या दिवशी जवळजवळ कोणताही नवा भाग पाणी धरतो; क्षार साचू लागले, गाळ आला, पाण्याचा दाब कमीजास्त झाला, की मगच त्याची परीक्षा सुरू होते. म्हणून इतके महिने थांबून हा अनुभव लिहीत आहे.

दोन्ही भाग सरसकट बदलण्याची गरज प्रत्येकाला असतेच असे नाही आणि कोणता भाग बिघडला आहे हे घरच्या घरी नेमके कळू शकते. टाकी पूर्ण भरल्यावर आतल्या भिंतीवर पाण्याच्या पातळीशी पेन्सिलने खूण करावी, टाकीला पाणी देणारा भिंतीवरचा छोटा नळ, म्हणजे अँगल कॉक, बंद करावा आणि अर्धा तास फ्लश न वापरता पातळी पाहावी. पातळी खाली गेली असेल, तर पाणी तळाच्या वॉशरमधून झिरपते आहे. पातळी जागच्या जागी असेल, पण कॉक उघडल्यावर पाणी ओव्हरफ्लो नळीच्या (जास्तीचे पाणी कमोडमध्ये सोडणाऱ्या उभ्या नळीच्या) तोंडापर्यंत चढून आत सांडत असेल, तर इनलेट व्हॉल्व्ह बंद होत नाही. तिसरी शक्यता अशी की पातळी थोडी उतरून एका ठिकाणी थांबते. तेव्हा त्या उंचीवर ओव्हरफ्लो नळीला चीर आहे का, हे बघावे. टाकीत खाण्याचा रंग टाकून तो कमोडमध्ये उतरतो का हे पाहण्याची पद्धतही चांगली आहे, पण रंगाने फक्त गळती आहे एवढे समजते, तर पेन्सिलच्या खुणेने गळतीची जागाही समजते. आमच्या टाकीत दोन्ही दोष एकत्र होते, आणि अशा वेळी एकच भाग बदलणाऱ्याला दुरुस्ती फसली असे वाटण्याचा संभव असतो.

या गळतीकडे दुर्लक्ष का करू नये, याचा हिशेब साधा आहे. सेकंदाला केवळ 1 मिलिलिटर पाणी झिरपले, तरी दिवसाच्या 86,400 सेकंदांत ते 86.4 लिटर होते. एवढी बारीक धार कमोडच्या उतारावर डोळ्यांना सहसा दिसतही नाही. एका पूर्ण फ्लशला 6 लिटर लागतात असे धरले, तर कोणी न वापरता चौदा फ्लश वाया गेल्यासारखे हे आहे. मला या दुरुस्तीचे महत्त्व वाटते ते मुख्यतः या कारणाने. रात्रीचा आवाज थांबला हा त्यानंतरचा लाभ.

इनलेट व्हॉल्व्हविषयी माझे मत एकंदरीत चांगले आहे. जुन्या बॉलकॉकमध्ये फ्लोटच्या तरफेचा जोर थेट पाण्याच्या दाबाविरुद्ध लागतो, त्यामुळे रात्री वापर थांबून नळातला दाब वाढला की वॉशर किंचित उचलला जातो आणि पाणी टाकीत येत राहते. नव्या व्हॉल्व्हमध्ये रबरी पडदा असतो आणि फ्लोटने वरचे सूक्ष्म छिद्र बंद करताच येणाऱ्या पाण्याचाच दाब त्या पडद्याला मिटवून धरतो. त्यामुळे तो झटकन बंद होतो आणि दाब वाढला तरी पुन्हा उघडत नाही, हे इतक्या महिन्यांत सातत्याने दिसले आहे. याच रचनेची दुसरी बाजू अशी की दाब फारच कमी असेल, तर पडदा नीट मिटत नाही किंवा टाकी फार हळू भरते. सुमारे 10 मीटर उंचीच्या पाण्याने 1 बार दाब मिळतो, म्हणून पाण्याची साठवण टाकी वरच्या मजल्याच्या जेमतेम डोक्यावर असेल, तर तिथे मिळणारा दाब फार थोडा असतो. खरेदीपूर्वी वेष्टनावर छापलेला किमान दाब अवश्य पाहावा.

बसवताना तीन गोष्टींकडे नीट लक्ष दिल्याचा उपयोग झाला. पहिली, जोडणीपूर्वी पुरवठ्याच्या नळीतून थोडे पाणी बादलीत सोडून आतली रेती आणि गंज काढून टाकला. दुसरी, पाण्याची पातळी ओव्हरफ्लो नळीच्या तोंडापेक्षा सुमारे 25 मिलिमीटर खाली राहील अशी फ्लोटची उंची लावली. तिसरी बाब अनेकांच्या ध्यानात येत नाही : इनलेट व्हॉल्व्हपासून ओव्हरफ्लोत सोडलेली बारीक रबरी नळी तोंडाशीच अडकवावी लागते. ती आत खोलवर, टाकीतील पाण्याच्या पातळीखाली गेली, तर काही व्हॉल्व्हमध्ये सायफन सुरू होऊन टाकीतले पाणी गुपचूप ओढले जाते आणि सगळे भाग नवे असूनही टाकी मधूनमधून स्वतःहून भरू लागते.

या व्हॉल्व्हची एकच उणीव वापरात जाणवली. काही महिन्यांनी टाकी भरायला पूर्वीपेक्षा जास्त वेळ लागू लागला, आणि कारण होते प्रवेशाच्या तोंडाशी असलेल्या बारीक जाळीत अडकलेला गाळ. जाळी काढून धुतल्यावर वेग पूर्ववत झाला. जिथे पाणी गढूळ येते, तिथे ही सफाई पुन्हा पुन्हा करावी लागेल हे गृहीत धरावे. जाळी काढून टाकण्याचा मोह मात्र टाळावा, कारण तोच गाळ पडद्याखाली बसला की व्हॉल्व्ह बंदच होत नाही.

आता वॉशरविषयी, कारण गळतीचे मूळ बहुतेक वेळा तिथे असते. आमची टाकी दोन बटणांची आहे. अशा टाकीत मधला उभा मनोरा सामान्यतः पाव फेरा फिरवला की उचलून बाहेर येतो आणि त्याच्या बुडाशी वॉशरची चकती दिसते. जुना रबरी वॉशर कडक झाला होता, कडेला खाच पडली होती आणि हाताला काळे लागत होते. रबराला क्लोरीन सोसत नाही. टाकीत टाकायच्या स्वच्छतेच्या वड्या त्याचे आयुष्य लक्षणीय घटवतात, म्हणून त्या मी वापरत नाही आणि इतरांनीही वापरू नयेत असे आग्रहाने सांगावेसे वाटते. सिलिकॉनचा वॉशर आजही मऊ आहे, त्यावर काठाचा ठसा उमटला असला तरी बोटाने दाबताच तो पुन्हा फुगतो, आणि पेन्सिलच्या खुणेच्या चाचणीत पातळी हललेली नाही.

तरीही या यशाचे सारे श्रेय सिलिकॉनला देणे योग्य ठरणार नाही. वॉशर ज्या गोल काठावर टेकतो, तो काठ गुळगुळीत नसेल, तर उत्तमातला उत्तम वॉशरही पाणी सोडतो. आमच्या काठावर क्षारांचा पांढरा, खरखरीत थर होता. व्हिनेगरमध्ये भिजवलेले कापड त्यावर काही वेळ ठेवून, मग मऊ घासणीने तो काढला आणि बोट फिरवून सगळीकडे सारखे लागते का हे तपासले. पॉलिश पेपर वापरू नये. प्लास्टिकवर पडलेले ओरखडे नव्या गळतीची वाट करून देतात. बटणांखालच्या दांड्यांची लांबीही पाहावी, कारण त्या जरा लांब राहिल्या तर झाकण बसवताच मनोरा किंचित उचललेला राहतो, आणि झाकण काढून तपासले की दोष दिसतच नाही.

तळाला वॉशर असलेल्या टाकीत ही देखभाल कायमची आहे. ब्रिटनमध्ये 2001 पर्यंत घरगुती टाक्यांत सायफनच वापरावा लागे. त्यात पाणी आधी एका वाकावरून वर चढवल्याशिवाय खाली जाऊच शकत नाही, त्यामुळे तळाशी झिजणारा वॉशर अशी वस्तूच नसते. आपल्याकडे उपलब्ध असलेल्या बहुतेक टाक्यांत ती सोय नाही, तेव्हा वॉशरला झिजणारा भाग मानून अधूनमधून चाचणी घेणे हाच मार्ग राहतो.

ज्यांची टाकी भिंतीत बसवलेली आहे, त्यांना यातले बरेच काम बटणांच्या फटीतून करावे लागते आणि सुटे भाग त्या टाकीच्याच निर्मात्याचे लागतात. त्यांनी सार्वत्रिक मापाचा म्हणून विकला जाणारा इनलेट व्हॉल्व्ह घेऊ नये. उघड्या टाकीसाठी मात्र घेताना जुना वॉशर सोबत न्यावा आणि बाहेरचा व्यास, आतला व्यास व जाडी ही तिन्ही मापे जुळवावीत. टाकीखालचा प्लास्टिकचा नट हाताने घट्ट करून वर पान्ह्याचा पाव फेरा पुरतो. त्याहून जास्त आवळल्यास आटे तुटतात किंवा चिनी मातीच्या टाकीला तडा जातो, आणि मग टाकीच बदलावी लागते.