एकाच घराची दोन ऊर्जा प्रमाणपत्रे

लेस्टरमधले आमचे जुने घर भाड्याने द्यायचे ठरले, तेव्हा त्याच्या ऊर्जा प्रमाणपत्राची, म्हणजे इथे सगळे ज्याला ईपीसी म्हणतात त्याची, दहा वर्षांची मुदत संपून गेली होती. घर ऊर्जेच्या बाबतीत किती काटकसरीचे आहे, हे हा कागद गुणांत आणि ‘ए’ (सर्वांत चांगली) ते ‘जी’ या श्रेणींत सांगतो. इंग्लंड आणि वेल्समध्ये भाड्याच्या घरांना हे प्रमाणपत्र १ ऑक्टोबर २००८ पासून बंधनकारक आहे, आणि जाहिरात देण्याआधीच ते मागवलेले असावे लागते. मी सहा आठवड्यांच्या अंतराने दोन वेगवेगळ्या तपासनीसांना बोलावले. पहिल्याने घराला ५१ गुण देऊन ‘ई’ श्रेणीत बसवले, तर दुसऱ्याच्या प्रमाणपत्रात ६४ गुण आणि ‘डी’ श्रेणी आली. मधल्या काळात घरात एक खिळासुद्धा ठोकलेला नव्हता. हा अभिप्राय त्या तेरा गुणांविषयी आहे.

पहिला तपासनीस वीस मिनिटांत काम उरकून गेला. त्याचे शुल्क ६५ पौंड होते. माळ्याचे झाकण जिन्यावर उंच आहे. त्याच्याकडे शिडी नव्हती, आणि माझी परसातल्या खोलीत असल्याचे सांगूनही त्याने वर चढून पाहिले नाही. प्रमाणपत्रावर छताच्या ओळीत ‘इन्सुलेशन नाही’, म्हणजे उष्णता रोखणारा थर नाही, असे लिहून आले आणि पुढे कंसात ‘गृहीत’ हा शब्द होता. प्रत्यक्षात त्या माळ्यावर २७० मिलीमीटर जाडीचा थर आहे.

हा ‘गृहीत’ शब्द नीट समजून घेण्यासारखा आहे. तपासनीस भिंतीला भोक पाडत नाही, फरशी उचकटत नाही. जे डोळ्यांना दिसते किंवा ज्याचा कागदोपत्री पुरावा मिळतो तेवढेच तो नोंदवतो, आणि उरलेल्या जागी संगणकातली ठरीव पद्धत घराच्या वयावरून अंदाज भरते. आमचे घर विसाव्या शतकाच्या सुरुवातीचे, मध्ये पोकळी नसलेल्या भरीव विटांच्या भिंतींचे आहे. मागच्या दोन खोल्यांना आम्ही २०१६ मध्ये आतून इन्सुलेशन करून घेतले, पण त्यावर गिलावा आणि रंग चढल्यामुळे ते आज कुणालाही दिसणार नाही. त्यामुळे भिंतींचे गुण गेले याचा दोष मी पहिल्या तपासनीसाला देत नाही. कागद शोधून हाताशी ठेवणे हे माझे काम होते. माळ्याचे गुण मात्र निव्वळ त्याच्या आळसाने गेले, आणि मी लिहून कळवल्यावर त्याने पुन्हा येण्याचे वेगळे पैसे मागितले, हे मला अजिबात पटले नाही. प्रमाणपत्रावर तपासनीसाचे नाव आणि त्याला मान्यता देणाऱ्या संस्थेचा पत्ता छापलेला असतो. तपासनीसाने दाद दिली नाही, तर तिथे तक्रार करता येते. मी घाईत होतो म्हणून तसे केले नाही. करायला हवे होते.

दुसऱ्या तपासनीस बाईंनी येण्याच्या आदल्या दिवशी फोन करून कोणकोणते कागद असतील ते विचारले. मी ठेकेदाराचे बिल आणि काम पूर्ण झाल्याचा स्थानिक बांधकाम नियंत्रण विभागाचा दाखला काढून ठेवला. त्या सव्वा तास होत्या. प्रत्येक खोलीची मापे, बॉयलरचा मॉडेल क्रमांक, रेडिएटरवरचे थर्मोस्टॅटचे व्हॉल्व्ह, दिवे, खिडक्यांच्या काचा, सगळे त्यांनी पाहिले आणि त्याचे फोटो काढले. माळ्यावर चढून थरात मोजपट्टी खुपसली आणि आकडा दिसेल असा फोटो घेतला. ९० पौंड घेतले, आणि ते मी आनंदाने दिले.

आमच्या बाबतीत ५१ गुणांवरही घर भाड्याने देता आले असते, कारण १ एप्रिल २०२० पासून सर्व चालू भाडेकरारांना लागू असलेली किमान श्रेणी ‘ई’ आहे आणि ती ३९ गुणांपासून सुरू होते. परंतु ज्याचे घर त्या रेषेच्या जरा खाली आहे, त्याला न पाहिलेला माळा फार महागात पडतो: सूट नोंदवलेली नसेल तर घर भाड्याने देता येत नाही, आणि सुधारणांवर ३,५०० पौंडांपर्यंत खर्च करण्याची जबाबदारी येते. घर विकताना अशी किमान अट नाही, पण श्रेणी जाहिरातीत छापावीच लागते.

प्रमाणपत्राकडून काय अपेक्षा ठेवू नये, हेही सांगितले पाहिजे. त्यातला खर्चाचा आकडा सर्वसाधारण कुटुंब गृहीत धरून काढलेला असतो; तुमचे बिल तुमच्या सवयींवर ठरते. गुण मुख्यत्वे इंधनाच्या खर्चावरून निघतात, त्यामुळे गॅसपेक्षा महाग असलेल्या विजेवर तापणारे घर मागे पडते. कार्बन उत्सर्जनाचा आकडा वेगळा दिलेला असतो, आणि तो वेगळाच वाचावा. सुधारणांची यादी ठरीव साच्यातून येते, तरी तिच्यातला क्रम मला उपयोगी वाटला.

घर पाहायला आलेल्या पहिल्याच जोडप्याने सरकारी नोंदवहीत पिनकोड टाकून दोन्ही प्रमाणपत्रे आधीच वाचली होती. त्या जोडप्यातल्या बाईंनी दोन्हींत फरक का, असे विचारले. मी बिल, दाखला आणि माळ्याचा फोटो त्यांच्यापुढे ठेवला. मग त्यांनी भिंतींच्या ओळीवर बोट ठेवून पुढची झोपायची खोली गार पडते का, असे विचारले. पडते, कारण ती भिंत अजून उघड्या विटांची आहे, असे मी सांगितले, आणि त्यांनी लहान मुलासाठी मागची खोली निवडली.