व्हायरस काढून देतो म्हणाला आणि तोच घालून गेला

ज्यांच्या घरी आईवडील, काका, मामा कॉम्प्युटर वापरतात त्यांनी हे प्लीज शेवटपर्यंत वाचा आणि जमलं तर त्यांना वाचून दाखवा. माझ्या मामांना ज्या पद्धतीने फसवलं ती पद्धत नवीन नाही, वर्षानुवर्षं चालू आहे आणि अजून चालतेय, कारण त्यात समोरचा माणूस तुम्हाला जे दाखवतो ते बहुतेक खरंच असतं, फक्त त्याचा अर्थ तो खोटा सांगतो. मामांच्या कॉम्प्युटरमध्ये एकही व्हायरस नव्हता. जो काढायला आला त्याने तो घातला.

झालं असं की मामा प्रिंटरचा ड्रायव्हर शोधत होते. सर्च केल्यावर सगळ्यात वर जे येतं ते बऱ्याचदा जाहिरात असते, त्यावर क्लिक केलं आणि स्क्रीन पूर्ण भरून एक पान उघडलं. सायरनसारखा मोठा आवाज, एका बाईचा रेकॉर्ड केलेला आवाज की तुमच्या कॉम्प्युटरमध्ये स्पायवेअर शिरलाय, बँकेचे पासवर्ड आणि फोटो चोरीला जातायत, कॉम्प्युटर बंद करू नका नाहीतर सगळा डेटा जाईल, आणि मधोमध मायक्रोसॉफ्टच्या नावाने एक फोन नंबर. माउस हलवून काही होत नव्हतं, बंद करायची फुली दिसत नव्हती. मामी शेजारच्या खोलीतून धावत आल्या इतका आवाज होता.

आता हे नीट लक्षात घ्या, ते नुसतं एक वेबपेज होतं. वेबपेजला तुमच्या कॉम्प्युटरचं स्कॅन करता येत नाही. त्यात जे स्कॅन चालू असल्यासारखं दिसतं, फाइलींची नावं पळतात, लाल आकडे वाढतात, ते सगळं चित्र असतं. पान फुल स्क्रीन केलेलं असतं म्हणून बाकीचं काही दिसत नाही. एस्केपचं बटण दोन-तीन सेकंद दाबून धरलं की ते फुल स्क्रीनमधून बाहेर येतं, नाही आलं तर कंट्रोल-ऑल्ट-डिलीट दाबून टास्क मॅनेजर उघडायचा आणि ब्राउझर बंद करायचा, ही तीन बटणं कुठल्याही वेबसाइटला अडवता येत नाहीत. तेही सुचलं नाही तर पॉवरचं बटण दाबून धरून सरळ बंद करा, सेव्ह न केलेलं काही उघडं असेल तेवढं सोडलं तर डेटाबिटा काही जात नाही. परत ब्राउझर उघडल्यावर तो विचारेल की आधीची पानं परत उघडू का, तिथे नाही म्हणायचं. आणि मायक्रोसॉफ्टने स्वतः स्पष्ट सांगितलंय की त्यांच्या एरर किंवा वॉर्निंगच्या मेसेजमध्ये फोन नंबर कधीच नसतो. कधीच. व्हायरसच्या सूचनेत फोन नंबर दिसला की तिथेच समजायचं.

मामांनी फोन लावला. समोरचा अतिशय सभ्य बोलणारा, सर सर करणारा, घाई अजिबात नाही. मला नंतर मामा म्हणाले, "अगं, त्याने आधी स्वतःचीच ओळख पटवून दिली." ती कशी, ते ऐकून मला खरंच संताप आला. त्याने त्यांना कमांडची काळी खिडकी उघडून एएसएसओसी असं टाइप करायला लावलं. त्याने एक लांबलचक यादी येते आणि शेवटच्या ओळींमध्ये महिरपी कंसात एक मोठा नंबर असतो, ८८८डीसीए६० ने सुरू होणारा. तो म्हणाला सर हा तुमच्या कॉम्प्युटरचा लायसन नंबर, फक्त आमच्या रेकॉर्डला असतो, मी वाचतो तुम्ही ताडून बघा. आणि एकेक अक्षर बरोबर वाचलं. मामांचा विश्वास तिथे बसला, कोणाचाही बसला असता. पण तो नंबर जगातल्या सगळ्या विंडोज कॉम्प्युटरवर तोच असतो! फाइल झिप करून पाठवायची जी सोय असते तिचा तो आतला नंबर आहे, तुमच्या मशीनशी, तुमच्या नावाशी, लायसनशी त्याचा काही संबंध नाही. माझ्या लॅपटॉपवर मी मामांना तीच कमांड चालवून दाखवली तेव्हा ते बराच वेळ दोन्ही स्क्रीनकडे बघत होते.

पुढे मग रिमोटचं ॲप डाउनलोड करायला लावलं आणि कॉम्प्युटर त्याच्या हातात गेला. हे लोक एनीडेस्क, टीमव्ह्यूअर, अल्ट्राव्ह्यूअर किंवा विंडोजमध्येच असलेलं क्विक असिस्ट यातलं काहीही वापरतात. ही ॲप्स खरी आहेत, ऑफिसांमध्ये रोज वापरली जातात, त्यामुळे अँटिव्हायरस त्यांना सहसा अडवत नाही. तुम्ही स्वतः कोड सांगून दार उघडलेलं असतं.

मग त्याने इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोज स्वतःच्या नोंदी ठेवतं ती यादी, उघडून दाखवला. शेकडो ओळी, लाल आणि पिवळ्या खुणा. सर एवढं इन्फेक्शन आहे. आता तुम्ही आत्ता स्वतःच्या कॉम्प्युटरवर बघा, तुमच्याकडेही असतील. एखादी सेवा उशिरा सुरू झाली, नेट क्षणभर गेलं, अशा बारीकसारीक गोष्टींच्या त्या नोंदी असतात. त्यात १००१६ नंबरची एक नोंद तर सारखी सारखी येते आणि मायक्रोसॉफ्टनेच लिहून ठेवलंय की तिच्याकडे दुर्लक्ष केलं तरी चालतं. नंतर नेटस्टॅट म्हणून एक कमांड चालवली, त्यात आपला कॉम्प्युटर त्या वेळी कुठे कुठे जोडलेला आहे ते पत्ते दिसतात, ब्राउझर, ईमेल, विंडोजचे अपडेट, आणि हो, त्याचं स्वतःचं रिमोट कनेक्शनसुद्धा त्यातच असतं. तो म्हणाला हे सगळे हॅकर आत्ता या क्षणी तुमच्या मशीनमध्ये बसलेत. आणि ट्री ही कमांड, जी फक्त फोल्डरांची नावं सरसर दाखवते, ती पळत असताना त्याने की-बोर्डवर "व्हायरस सापडला, सिक्युरिटी संपली" अशा अर्थाचं इंग्लिश वाक्य टाइप केलं, यादी संपल्यावर ते खाली आपोआप उमटल्यासारखं दिसतं. निरोगी माणसाच्या एक्सरेतल्या बरगड्या दाखवून ह्या जखमा आहेत म्हणून सांगावं तसं चाललं होतं सगळं.

मामांचं म्हणणं होतं, "पण स्कॅन तर माझ्या डोळ्यांसमोर झालं ना." म्हणजे त्याने स्वतःचं एक स्कॅनर टाकून चालवलं होतं आणि त्यात भराभर धोके सापडले. तर स्कॅन म्हणून जे पळतं ते खरोखर काही तपासत असतं असं नाही. अमेरिकेत ऑफिस डेपो या मोठ्या दुकान-साखळीत लोकांच्या कॉम्प्युटरची मोफत तपासणी करून द्यायचे, त्यात सुरुवातीला चार प्रश्न असायचे, कॉम्प्युटर स्लो झालाय का, पॉप-अप येतात का वगैरे, आणि तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनचा, म्हणजे ग्राहकांची फसवणूक बघणाऱ्या सरकारी संस्थेचा, आरोप असा की त्यातल्या एकाही प्रश्नावर टिक केली की तपासणीत काहीही सापडो न सापडो, मालवेअरची, म्हणजे घातक प्रोग्रामची, लक्षणं आहेत असा रिझल्ट यायचा. २०१९ मध्ये त्या कंपनीने २.५ कोटी डॉलर आणि सॉफ्टवेअर पुरवणाऱ्या सपोर्ट डॉट कॉमने १ कोटी डॉलर देऊन ते प्रकरण मिटवलं. नावाजलेल्या दुकानाच्या काउंटरवर असा आरोप होऊ शकतो तर फोनवरच्या अनोळखी माणसाच्या स्कॅनरवर कशाला विसंबायचं.

त्यानंतर "क्लीनिंग" सुरू झालं, स्क्रीन काळी झाली. तो म्हणाला साफसफाई चाललीय सर, हात लावू नका. त्या रिमोट ॲपमध्ये समोरच्याची स्क्रीन काळी करायची सोय असते, त्या वेळात तो आत काय करतो ते तुम्हाला दिसत नाही. मामांच्या ब्राउझरमध्ये पासवर्ड सेव्ह केलेले होते. शेवटी वर्षभराच्या सुरक्षेच्या पॅकेजचे पैसे कार्डाने घेतले, थँक्यू म्हटलं, फोन ठेवला. मामांना वाटलं काम झालं. खरं सांगायचं तर त्यांना बरंच वाटलं होतं, की वेळेवर मदत मिळाली.

काही दिवसांनी परत फोन. आमची कंपनी बंद होतेय, तुमचे पैसे परत करायचेत, बँकेचं पान उघडा. परत रिमोट, परत स्क्रीन काळी, आणि परत दिसायला लागल्यावर खात्यात भरमसाट रक्कम जास्त. फोनवरचा माणूस एकदम रडकुंडीला आला, सर चुकून एक शून्य जास्त पडलं, माझी नोकरी जाईल, वरचे पैसे गिफ्ट कार्डं घेऊन मला परत करा, दुकानात कोणी विचारलं तर नातवंडांसाठी घेतोय म्हणा. मामा चप्पल घालून निघालेसुद्धा होते. मामींनी थांबवलं. त्या म्हणाल्या, "एवढे आले असतील तर माझ्या फोनवर पण दिसतील की," आणि मोबाइलवर बँकेचं ॲप उघडलं तर बॅलन्स जसा होता तसाच. ब्राउझरमध्ये कोणत्याही पानावरचा मजकूर आपल्या स्क्रीनपुरता बदलता येतो, राइट क्लिक करून इन्स्पेक्ट म्हणायचं आणि आकडा खोडून दुसरा लिहायचा, बँकेत काहीही होत नाही, पान रिफ्रेश केलं की जुना आकडा परत. मामींनी जे केलं तेच करायचं, वेगळ्या फोनवरून वेगळ्या नेटवर बघायचं, आणि मामींसारखंच फोन चालू असतानाच बघायचं, त्याला काय वाटेल याचा विचार करायचा नाही.

मला मामींनी त्याच संध्याकाळी बोलावलं. आधी वायफाय बंद केलं, मग माझ्या फोनवरून मामांचे पासवर्ड बदलले, पहिला ईमेलचा आणि मग बँकेचा, कारण बाकीचे बहुतेक पासवर्ड ईमेलवरूनच रीसेट होतात. ज्या कॉम्प्युटरवर शंका आहे त्याच्यावर बसून पासवर्ड बदलून उपयोग नाही, टाइप केलेलं टिपून घेणारं काही आत असेल तर नवा पासवर्डही तिकडे पोचतो. ईमेलच्या सेटिंगमध्ये फॉरवर्डिंग आणि फिल्टर बघायला विसरू नका. मामांच्या मेलला एक फिल्टर लावलेला सापडला, बँकेकडून आलेला प्रत्येक मेल सरळ कचऱ्यात.

मशीनवर डिफेंडरने, म्हणजे विंडोजच्याच अँटिव्हायरसने, फुल स्कॅन केलं तर एकदम स्वच्छ. तिथेच बरेच जण सुटकेचा निःश्वास टाकतात. पण डिफेंडरमध्ये एक्सक्लुजन म्हणून यादी असते, काय तपासायचं नाही त्याची, आणि त्यात त्याने अख्खा सी ड्राइव्ह टाकून ठेवला होता. तो काढून परत स्कॅन केल्यावर मग एक पासवर्ड चोरणारा प्रोग्राम सापडला. शिवाय इन्स्टॉल केलेली ॲप्स तारखेप्रमाणे लावली तर त्या दिवसाची दोन रिमोट ॲप्स, मामांना फक्त एक माहीत होतं. दुसरं सर्व्हिस म्हणून चालत होतं, कॉम्प्युटर चालू झाला की आपोआप, कोणाला न विचारता आत येता यावं म्हणून. मामी म्हणत होत्या की रात्री माउस आपोआप हलताना दिसला होता, तो भास नव्हता. टास्क शेड्युलरमध्ये, म्हणजे ठरलेल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामांच्या यादीत, एक नोंद होती जी ते ॲप काढलं तर परत टाकेल. ब्राउझरमध्ये एक अनोळखी एक्स्टेंशन (ब्राउझरला जोडलेला छोटा प्रोग्राम) आणि नोटिफिकेशनची परवानगी दिलेली एक साइट, कोपऱ्यातून येणाऱ्या खोट्या व्हायरसच्या सूचना तिच्या होत्या.

हे सगळं काढलं तरी मी ते मशीन तसं वापरू दिलं नाही. अनोळखी माणूस आत एवढा वेळ एकटा होता, सगळं सापडलं याची खात्री कोणी देऊ शकत नाही. फोटो आणि कागदपत्रं तेवढी बाहेर काढली, सेटअपच्या फाइली किंवा प्रोग्राम एकही नाही, दुसऱ्या चांगल्या कॉम्प्युटरवर विंडोजचा पेन ड्राइव्ह बनवला आणि ड्राइव्ह पुसून नव्याने टाकलं. मात्र पुसायच्या आधी पुराव्यासाठी स्क्रीनचे फोटो काढून ठेवा. रिमोट ॲपच्या लॉगमध्ये, म्हणजे नोंदींच्या फाइलमध्ये, कनेक्शनची वेळ आणि समोरच्याचा आयडी असतो, तो, फोनची कॉल लिस्ट, पैसे घेतल्याची पावती, हे सगळं बँकेने आणि सायबर पोलिसांनी मागितलं. बँकेने कार्ड बंद केलं, व्यवहारावर तक्रार नोंदवून घेतली, पैशांचा निकाल अजून लागायचाय. बँकेला जितक्या लवकर कळवाल तितकी शक्यता जास्त, म्हणून घरातल्यांवर ओरडत बसू नका, आधी बँकेला फोन करा.

आणि तिसरा फोनही आला. या वेळी सायबर विभागातून बोलतोय, तुमचे बुडालेले पैसे सापडलेत, सोडवायला थोडी फी भरावी लागेल. एकदा फसलेल्यांचे नंबर हे लोक एकमेकांना विकतात. मामांनी ऐकून घेतलं, केस नंबर विचारला, आणि तो अडखळल्यावर फोन ठेवून नंबर तसाच्या तसा तक्रारीत जोडायला मला पाठवला.