भंडारदऱ्याच्या दोन रात्री आणि गेलेले १२ हजार

लग्नाला अकरा वर्षं झाली, घरात आम्ही दोघंच. शाळेच्या सुट्ट्यांचं बंधन नाही, रजा जुळली की निघता येतं. अडचण एकच. गावाकडची बरीच घरं आठ-दहा जणांच्या ग्रुपचा हिशोब धरून दर लावतात, आणि दोघांच्या खिशाला तो झेपत नाही. म्हणूनच ‘फक्त जोडप्यांसाठी, जेवण-नाश्त्यासह माणशी १५०० रुपये’ ही जाहिरात दिसली तेव्हा मी लगेच फोन लावला.

जून उजाडला होता. भंडारदऱ्याला पहिल्या पावसाच्या आगेमागे हिरडा, बेहडा, सादडा काजव्यांनी लखलखतात, ते एकदा बघायचं होतं. एमटीडीसीकडे त्या शनिवार-रविवारची खोली शिल्लक नव्हती. फोनवरचा माणूस मात्र अगदी घरच्यासारखा बोलला. “ताई, तुम्ही या, काजवे आमच्या अंगणातूनच दिसतात.” दोन रात्रींचे ६००० ठरले, ३००० ॲडव्हान्स. त्याने दोघांच्या आधारचे फोटो मागितले, तेही मी पाठवले. पैसे टाकताना स्क्रीनवर घरमालकाऐवजी भलतंच नाव आलं. विचारलं, तर म्हणाला, मॅनेजरचं खातं आहे. तिथेच थांबायला हवं होतं.

तासाभराने पुन्हा फोन. सिस्टीम अर्धी रक्कम घेत नाही, पूर्ण ६००० एकदम टाका, आधीचे ३००० लगेच परत येतील. टाकले. मग परताव्यासाठी म्हणून क्यूआर कोड आला. मी स्कॅन केला, पिन घातला, आणि खात्यात ३००० येण्याऐवजी आणखी ३००० गेले. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही, पिन फक्त द्यायला लागतो. हे मला माहीत होतं. पण तो फोन ठेवू देत नव्हता, “आता हिरवं बटण दाबा, आता पिन” असं एकेक पाऊल सांगत होता, आणि मी तसं करत गेले. वर म्हणाला, अडकलेले ६००० इथे आलात की रोख देतो. जीएसटी नंबर असलेली पावतीही पाठवली, म्हणून आम्ही निघालो.

संगमनेर, अकोले, राजूर करत संध्याकाळी भंडारदऱ्याजवळच्या शेंडी गावी पोचलो. फोन बंद. मॅपवरची खूण आम्हाला एका भातखाचराच्या बांधावर घेऊन गेली. राब भाजल्याचा काळा पट्टा, एक पाण्याची टाकी, बाकी काही नाही. नवरा टॉर्च लावून बांधावर उभा होता आणि मी पुन्हा पुन्हा तोच नंबर लावत होते.

गावातल्या एका मावशींनी आत बोलावलं, पिठलं-भाकरी वाढली, झोपायला खोली दिली. त्यांच्याच घराचे फोटो त्या जाहिरातीत होते! मी फोन दाखवला तर मावशींनी स्वतःच्या ओसरीवरचा निळा झोपाळा ओळखला. आमच्याआधीही कुणीतरी असंच विचारत आलं होतं. त्या म्हणाल्या, “फोनवर सांगायचं, आत्ता व्हिडिओ कॉल करा, चूल दाखवा. ज्याचं घर आहे तो दाखवतोच.”

पावती मी दुसऱ्या दिवशी नीट पाहिली. महाराष्ट्रातला जीएसटी नंबर २७ ने सुरू होतो, हा होत नव्हता. जीएसटीच्या सरकारी साइटवर नंबर टाकला की व्यवसायाचं नाव दिसतं. दोन मिनिटांचं काम होतं.

सगळ्यात मोठी चूक पुढची. लाजेपायी मी १९३० वर फोन केला तो पुण्याला परतल्यावर, पैसे गेल्याच्या चौथ्या दिवशी. ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन आहे. लगेच कळवलं तर समोरच्या खात्यातली रक्कम गोठवता येते, उशीर झाला की ती पुढच्या खात्यांत पांगते. तक्रारीला प्रत्येक व्यवहाराचा यूटीआर (म्हणजे बँकेचा व्यवहार क्रमांक), स्क्रीनशॉट आणि चॅट लागतं, म्हणून रागाच्या भरात काही पुसू नका. आधारचं बायोमेट्रिक आम्ही लॉक केलं. आता कुणी आधार मागितलं तर मास्क केलेलं देतो, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात.

तक्रारीचा क्रमांक मिळालाय, पैसे आलेले नाहीत. मावशींनी त्या रात्रीचे दोघांचे मिळून १२०० घेतले, तेही सकाळी निघताना, आणि काजवे दाखवायला त्यांचा मुलगा आमच्याबरोबर रानात आला होता.